व्हर्टस जीटी की व्हर्ना टर्बो? गोव्यात रोज चालवायची तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी म्हापशाला राहतो आणि नोकरी वेर्णा औद्योगिक वसाहतीत. म्हणजे जाऊन-येऊन रोज सत्तरेक किलोमीटर, बहुतेक राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून. माझ्याकडे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे, डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. फोंड्याला राहणाऱ्या चुलतभावाने ह्युंदाई व्हर्ना टर्बो घेतली. तेव्हापासून चतुर्थीला आरती आटोपली की आमच्या अंगणात एकच वाद रंगतो. दोघांनी गाड्यांची अदलाबदल करून महिनोन्‌महिने चालवल्या आहेत, पावसात आणि मे महिन्यातही. खालचे प्रश्न लोकांनी मला कंपनीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या मांडवात आणि पेट्रोल पंपावर विचारलेले आहेत. क्रम लावलेला नाही.

एक खुलासा आधीच करतो. वेर्णा हे गाव, व्हर्ना ही गाडी. भाऊ एकदा फोनवर आईला म्हणाला, "व्हर्ना घेऊन वेर्ण्याला चाललोय," तर आईला वाटलं, हा तिथे जमीन घेतोय.

एका वाक्यात सांगा. कुठली घेऊ?

गाडी तुम्ही स्वतः चालवणार, वळणावळणाचे रस्ते आवडतात आणि गावातल्या वाटाही रोजच्याच असतील, तर व्हर्टस. रस्ता बहुतेक चौपदरी असेल, गाडीत सगळ्या सोयी हव्या असतील आणि अधूनमधून खटका दाबल्यासारखी सुटणारी गाडी आवडत असेल, तर व्हर्ना. ही दोन वाक्यं झाली. एका वाक्यात सांगायला शोरूममधला विक्रेता आहेच.

पण व्हर्नामध्ये ताकद जास्त आहे ना?

आहे. व्हर्ना टर्बोचं इंजिन १४८२ सीसी, १६० पीएस (म्हणजे अश्वशक्ती) आणि २५३ न्यूटन-मीटर टॉर्कचं (म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जोराचं). व्हर्टस जीटीचं १४९८ सीसी, १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. शून्य ते शंभर जायला ह्युंदाई ८.१ सेकंद सांगते, व्हर्टसला नऊच्या आसपास लागतात. या वाचलेल्या एका सेकंदाचं म्हापसा-पणजी वाटेवरच्या पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये काय करायचं, हे भावाला अजून सापडलेलं नाही.

टॉर्क दोन्हींत पंधराशे-सोळाशे आरपीएमपासूनच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळायला लागतो, त्यामुळे ओव्हरटेक करताना दोन्ही गाड्या तोडीस तोड. फरक स्वभावात आहे. व्हर्ना आधी सभ्यपणे चालते आणि पाय खाली दाबला की एकदम अंगात आल्यासारखी सुटते. रस्ता ओला असेल तर पुढची चाकं क्षणभर जागच्या जागी फिरतात, स्टीअरिंग हातात वळवळतं. काहींना हीच मजा वाटते. व्हर्टस ताकद मोजून देते. पाय जेवढा, तेवढीच गाडी. स्टीअरिंगला वजन आहे, ब्रेकच्या पेडलवर भरवसा बसतो.

रोजच्या गाडीची खरी परीक्षा ताशी वीस-तीसच्या आत होते, असं माझं ठाम मत झालंय. ट्रकच्या मागे रांगताना ती कशी वागते, न रंगवलेल्या गतिरोधकावरून उतरल्यावर पुन्हा वेग कसा घेते, समोरून बस आली की डांबराच्या तुटक्या कडेवर एक चाक उतरवताना काय आवाज करते, हे बघा. शंभरच्या वर दोन्ही गाड्या छानच आहेत.

मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण चूक झाली तर इथेच महागात पडते.

दोन्ही गाड्यांत सहा गिअरची मॅन्युअल किंवा सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक मिळते. फोक्सवॅगन तिला डीएसजी म्हणते, ह्युंदाई डीसीटी. आत दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच तयार असतो, म्हणून गिअर बदललेला कळतही नाही. दोन्ही कंपन्यांचे हे क्लच कोरडे आहेत, म्हणजे तेलात बुडवलेले नाहीत. त्यांची उष्णता हवेनेच जाते. वजन आणि खर्च वाचतो, पण हाफ क्लचवर गाडी रांगत ठेवली की क्लच घासत राहतात आणि तापतात.

पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून रांगणं म्हणजे काय, हे सगळ्या बार्देश तालुक्याला ठाऊक झालं. पहिल्या महिन्यात मी इतरांसारखाच पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून इंच इंच सरकायचो. मग सवय बदलली. पुढे दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्यायची आणि ब्रेक पूर्ण सोडून पहिल्यातून दुसऱ्यात जाईल एवढं एका दमात सरकायचं. मधल्या जागेत दोन स्कूटर आणि एक टॅक्सी घुसणारच, घुसू द्या. चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेक लावायचा. दोनेक मिनिटं हलायचं चिन्ह नसेल तर न्यूट्रल.

हे सगळं लक्षात ठेवायचा कंटाळा असेल तर मॅन्युअल घ्या. त्यातही एक मेख आहे. टर्बो इंजिन खालच्या आरपीएमला आळशी असतं. गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात आणि इंजिन बाराशेवर आलं की गाडी कण्हते, पहिल्यात यावंच लागतं. म्हापसा ते पणजी गावातल्या रस्त्याने गेलात तर डावा पाय संध्याकाळी जाब विचारतो.

तिसरा मार्ग कोणी सुचवत नाही, म्हणून मी सुचवतो. व्हर्टसच्या १.० लिटर इंजिनाला, म्हणजे ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटरवाल्याला, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळते, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी. जुन्या धाटणीची, पण रांगण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. ज्यांची रोजची गाडी खरोखर ट्रॅफिकमध्येच असते, त्यांनी जीटीचा हट्ट सोडून ही एकदा चालवून पाहावी. हौस थोडी कमी भागेल, डोकं शांत राहील.

शोरूमवाले 'जीटी लाइन' दाखवतात. तीच ना ही?

नाही! जीटी लाइनमध्ये काळी सजावट आहे, दिसते झकास, पण इंजिन १.० लिटरचं. १.५ लिटरचं इंजिन हवं असेल तर जीटी प्लस मालिकेतली बघा, आणि बुकिंगच्या कागदावर इंजिनाचा आकडा लिहून घ्या. बॅज बघून पैसे मोजू नका.

जुन्या बाजारात व्हर्नाचीही अशीच गफलत होते. मार्च २०२३ च्या आधीच्या पिढीतही 'टर्बो' होती, पण ती १.० लिटर, १२० पीएसची. वेगळीच गाडी.

गाडी खाली घासते का?

दोन्ही सेडान आहेत, तेव्हा घासणारच. प्रश्न एवढाच, किती आणि कुठे. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे तळाची जमिनीपासूनची उंची, १७९ मिलिमीटर आहे, सेडानच्या मानाने घसघशीत. व्हर्ना त्याहून खाली बसते. एकटे असाल तर फरक जाणवत नाही. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं, की भाऊ गतिरोधक तिरका घेतो. एक चाक आधी, दुसरं नंतर, आणि गाडीतले सगळे एकदा डावीकडे एकदा उजवीकडे डोलतात. मावशी त्याला 'पालखी' म्हणते.

माझा स्वतःचा अनुभव फेरीबोटीचा. ओहोटीला दिवाडीहून परत येत होतो. पाणी उतरलं की धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन होतो. भरतीला जी फळी सपाट वाटते, ती ओहोटीला वर तोंड करून असते. मी सरळ आणि जरा जोरात गेलो. पुढच्या बंपरच्या खालच्या प्लास्टिकने असा काही 'खर्रर्र' आवाज काढला की बोटीवरचे सगळे वळून बघायला लागले. खलाशाने मान हलवली आणि म्हणाला, "पात्रांव, सवकास." म्हणजे, मालक, सावकाश. बंपरच्या खाली बोटभर लांबीचा ओरखडा आहे अजून. आता फळीवर चढताना पायी चालण्याच्या वेगाने आणि किंचित तिरकी घेतो. चूक गाडीची नव्हती.

ज्यांना रोज चोडण-रायबंदर किंवा दिवाडी-जुने गोवे करायचं आहे, त्यांनी व्हर्नाचा विचार करताना आधी धक्क्यावर जाऊन ओहोटीची वेळ बघून यावी.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे हा प्रश्न निम्म्या गाडीइतका मोठा आहे.

पहिली गोष्ट टायर. दोन्ही गाड्यांना २०५/५५ आर१६ मापाचे टायर येतात. कायद्याने १.६ मिलिमीटर खाच उरली तरी टायर चालतो, पण आपल्या पावसात तीन मिलिमीटरवर आला की मी बदलतो. खाचा पाणी बाहेर ढकलण्यासाठी असतात. त्या उथळ झाल्या की बांबोळीच्या उतारावर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो आणि स्टीअरिंग एकदम हलकं होतं. तसं झालं तर ब्रेक दाबू नका, स्टीअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा. दीडशे पीएसच्या गाडीत हा प्रसंग लवकर येतो, कारण वेग कधी वाढला ते कळत नाही.

दुसरी, मातीची. पहिल्या पावसात खाणपट्ट्यातल्या, म्हणजे डिचोली-साखळीकडच्या रस्त्यांवर तांबड्या मातीचा चिखल होतो. तो तेलासारखा निसरडा असतो. व्हर्नाला इथे दुसऱ्या गिअरमधून हळू काढावं लागतं. दोन्हीकडे ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पण तो घसरल्यावर सावरतो, घसरण्याआधी नाही.

तिसरी, साचलेलं पाणी. किती खोल ते दिसत नसेल तर जाऊ नका, एवढं साधं आहे. या गाड्यांचं इंजिन हवा पुढूनच खेचतं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. साध्या सर्वंकष विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं. विम्याच्या हप्त्यात काटकसर करायची तर दुसरीकडे करा, इथे नको.

मायलेज?

माझी व्हर्टस म्हापसा-वेर्णा धावेत तेराच्या आसपास देते. पर्वरीला अडकलो तर दहा-अकरा. सकाळी सहाला निघालो तर सोळा-सतरा. भावाची व्हर्ना फोंडा-पणजीत लिटरमागे अर्धा-एक किलोमीटर कमीच देते, पण तो चालवतोही तसाच.

व्हर्टसच्या १.५ इंजिनात एक गंमत आहे. एका वेगात शांतपणे जात असाल तर चारपैकी दोन सिलिंडर आपोआप झोपतात. नव्या झुआरी पुलावर ऐंशीच्या वेगाने पाय स्थिर धरला की हे होतं. कान देऊन ऐकलं तर इंजिन किंचित गुरगुरतं, बाकी कळत नाही. थोडा पाय दाबला की चारही जागे. व्हर्नात ही सोय नाही.

इ२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दलही विचारतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच असते, त्यामुळे मायलेज थोडं घटणारच. २०२३ च्या एप्रिलनंतर बनलेल्या दोन्ही गाड्या इ२० साठी बनवलेल्या आहेत. त्याआधीची व्हर्टस घेत असाल तर पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा.

सुरक्षिततेत कुठली सरस?

दोन्हींना ग्लोबल एनकॅप या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे आहेत, दोन्ही चाचण्या २०२३ मधल्या. पण तारे मोजून थांबू नका. मोठ्यांच्या सुरक्षेत व्हर्टसला ३४ पैकी २९.७१, व्हर्नाला २८.१८ गुण. त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्हर्टसचा सांगाडा 'स्थिर' ठरला, व्हर्नाचा 'अस्थिर'. सहा एअरबॅग दोन्हींत आहेत.

ब्रेकमध्ये मात्र व्हर्ना टर्बो पुढे. तिला मागेही डिस्क आहेत. माझ्या व्हर्टसला पुढे लाल कॅलिपरचा थाट आणि मागे ड्रम. थांबते व्यवस्थित, पण या किमतीत ड्रम बघून वाईट वाटतंच.

व्हर्नातलं एडास, म्हणजे कॅमेरा-रडारने चालकाला मदत करणारी यंत्रणा, आपल्या रस्त्यांवर चालतं का?

महामार्गावर, हो. नव्या झुआरी पुलावर पट्टे स्पष्ट आहेत, तिथे लेन सांभाळायला छान मदत करतं. पुढची गाडी अचानक थांबली तर धोक्याचा इशारा वेळेवर देतं, आणि हे एकच काम केलं तरी पैसे वसूल.

गावात शिरलात की वेगळंच नाटक. पट्टे नसतात, कडेला खाण्याचा गाडो, गाडोच्या कडेला आमलेट-पावाची रांग, मध्येच बैल बसलेला, आणि भाड्याच्या स्कूटरवर फोनमध्ये नकाशा बघत निघालेले पाहुणे. गाडी सारखी पीप-पीप करते. शिवोलीच्या रस्त्यावर स्टीअरिंग स्वतःहून थोडं ओढलं गेलं तेव्हा भावजय जी घाबरली, ती परत त्या सीटवर बसताना आधी 'ते बंद केलंस ना?' विचारते. लेन असिस्ट बटणाने बंद करता येतं. धडकेचा इशारा चालू ठेवा. रडार पुढच्या बाजूला असतो, चिखलाने झाकला गेला की काम थांबवतो, म्हणून पावसात पुढचा भाग पुसायची सवय ठेवा.

एवढ्या सोयींमध्ये खरोखर उपयोगाची कुठली?

थंड हवेच्या सीट. एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हातली गाडी काढलीत की त्यांची किंमत कळते, आणि त्या दोन्हींच्या वरच्या मॉडेलमध्ये आहेत. व्हर्नामध्ये सीट गरम करायचीही सोय आहे. आमच्या भागात तिचा उपयोग एकदाच झाला. भावाने पाहुण्यांच्या सीटचं बटण गुपचूप दाबलं होतं.

मागची सीट आणि डिकी?

व्हर्ना रुंद आहे, १७६५ मिलिमीटर, आणि तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २६७० मिलिमीटर. मागे तिघं बसायचे असतील तर ती बरी. छत मात्र मागे उतरतं, उंच माणसाचं डोकं टेकतं. आमच्या आजीला व्हर्टस आवडते, कारण व्हर्नाच्या मागच्या सीटवरून उठताना पाटावरून उठल्यासारखं वाटतं म्हणे.

डिकी व्हर्टसची ५२१ लिटर, व्हर्नाची ५२८. लिटर सोडा, मी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या भाषेत सांगतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी फोंड्याच्या बाजारातून नारळाचा घड, सुपारीचे दोन घड, निरफणस, तोरिंजन, केळीचा लोंगर आणि कांगलांच्या जुड्या एवढं सगळं दोन्ही डिक्यांत मावलं. केळीचा लोंगर व्हर्नात तिरका ठेवावा लागला.

समुद्राजवळ घर आहे. गंजाचं काय?

खाऱ्या वाऱ्याला ब्रँड कळत नाही. गाडीच्या तळाला गंजरोधक थर द्या आणि पावसाळा संपल्यावर चाकांच्या कमानीतली माती पाण्याच्या जोराने काढा, तीच ओल धरून ठेवते. रात्रभर उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो. दोन-तीनदा ब्रेक लावले की जातो, घाबरू नका. इथे माझे मागचे ड्रम झाकलेले असल्याने सुखी आहेत, हे भावाला मी आवर्जून सांगतो.

आणि माडाखाली गाडी लावू नका. हे सांगावं लागतं, कारण दर वर्षी कोणीतरी लावतो.

सर्व्हिसचा खर्च आणि त्रास?

ह्युंदाईची सेवा केंद्रं जास्त आहेत आणि नेहमीच्या सर्व्हिसचं बिल कमी येतं. व्हर्टस पुण्याजवळ चाकणला बनते, त्यामुळे 'जर्मन गाडी, जर्मनीहून पार्ट' ही भीती आता खरी नाही. तरी बंपर किंवा हेडलाइटसारखी गोष्ट लागली तर थांबायची तयारी ठेवा.

एक गाऱ्हाणं माझंही. एका सर्व्हिस सेंटरने, नाव नको, माझ्या बिलात न सांगता इंजिनाची 'अंतर्गत सफाई', एसीची 'जंतुनाशक फवारणी' आणि आणखी काहीबाही घातलं. विचारलं तर म्हणे, सगळेच करतात. तेव्हापासून गाडी देतानाच जॉब कार्डवर 'विचारल्याशिवाय जादा काम नको' असं माझ्या हाताने लिहितो आणि फोटो काढून ठेवतो. बिल निम्म्यावर आलं.

रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, करून घेऊ? मित्र म्हणतो दोनशे पीएस निघतात.

डीएसजीवाल्या व्हर्टसचा डीक्यू२०० गिअरबॉक्स साधारण २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. इंजिन आधीच २५० देतं. पुढचं गणित तुम्हीच करा. वॉरंटी जाते ते वेगळं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि काळी फिल्म यांना तर पोलिसच भेटतात. काच पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के प्रकाश आत येऊ देणारी असावी, असा नियम आहे.

मी सावंतवाडीचा, नोकरी गोव्यात मोप्याला. गाडी कुठे नोंदवू?

जिथे ती बारा महिन्यांहून जास्त राहणार, तिथे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवलेल्या गाडीची नोंदणी तिथली करावी लागते. तुम्ही रोज रात्री घरी जात असाल तर एमएच ठेवा. पेट्रोल मात्र पत्रादेवीची सीमा ओलांडायच्या आधी, गोव्यातच भरून घ्या, ते तुमचा अख्खा तालुका करतोच.

घाटात कुठली जास्त मजा देते?

व्हर्टस, आणि इथे भाऊही हात वर करतो. चोर्ला घाटात साखळी-केरीवरून चढताना वळणं एकामागून एक येतात, अर्ध्या ठिकाणी डांबर तुटलेलं. व्हर्टसचं सस्पेन्शन कडक वाटतं, पण वळणात खड्डा आला तरी गाडी रेघ सोडत नाही. व्हर्ना त्याच खड्ड्यावर मागून थोडी उडी मारते. आंबोलीला धुक्यात दोन्ही सारख्याच, कारण दोन्ही वीसनेच जातात.

चढ संपून सरळ रस्ता लागला, बेळगावकडे, की मात्र व्हर्ना निघून जाते. मग जांबोटीला चहाला भेट.

जुनी घेतली तर?

चांगला सौदा होऊ शकतो. व्हर्टस २०२२ च्या जूनमध्ये आली, तेव्हा १.५ फक्त डीएसजीमध्येच होती, मॅन्युअल पुढच्या वर्षी मिळाली. जुनी डीएसजी किंवा डीसीटी बघताना गाडी गरम होऊ द्या. थंड गिअरबॉक्स सगळे गोडच बोलतात. अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवा, मग चढावर थांबून पुन्हा काढा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर जाणवली तर दुसरी गाडी बघा.

आणि गोव्यात खास तपासायचं म्हणजे ती आधी 'रेंट-अ-कॅब' होती का. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाड्या नंतर खासगी करून विकल्या जातात. परिवहन खात्याच्या नोंदीत वाहनाचा आधीचा प्रकार बघा. पर्यटकांनी दोन वर्षं बागा-कळंगुटला पिळून काढलेला टर्बो कोणालाही नको असतो. पायाखालची चटई उचलून वाळूही बघा, ती धुऊनसुद्धा जात नाही.

दोन्ही मोठ्या वाटतात. लहान स्पोर्टी काही?

आय२० एन लाइन. १.० टर्बो, १२० पीएस, चार मीटरच्या आत. पणजीत पार्किंग शोधणाऱ्याला याहून शहाणी निवड नाही. आणि ज्यांना गोल्फ जीटीआय हवी आहे, त्यांनी मला विचारायची गरज नाही. २०२५ मध्ये आली तेव्हाच ती पन्नास लाखांच्या वर होती. त्या पैशात फेरीबोटीवर जायचं धाडस मी करणार नाही.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी?

शोरूमवाले ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावरून पाच मिनिटं फिरवतात. ते झाल्यावर तुमच्या घरापर्यंत गाडी न्या. तुमच्याच गेटचा उतार, तुमच्याच वाड्यावरचा गतिरोधक, तुमचीच पार्किंग. चार माणसं बसवून. भावाने हे केलं असतं तर घरासमोरचा चिऱ्यांचा उतार घासून सपाट करायला गवंडी बोलवावा लागला नसता.

रंग कुठला?

पांढरा नको, तांबडी माती लपत नाही. काळा नको, तीच माती वाळली की जास्त दिसते. माझी लाल आहे. घाण झालेली कळत नाही आणि शेजारी म्हणतात, रोज धुतो वाटतं.